पदावर लिहिलेली चाल

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि येथे जमलेल्या सर्व रसिकांना नमस्कार. सीमाभागातील लोकसंगीतावर बोलावे, असे आपण मला सुचवलेत. त्यातील एकच प्रश्न मी घेणार आहे. गाण्याला आपण जो प्रकार लावतो आणि अमुक चाल ‘स्वतंत्र’ आहे असे जे म्हणतो, त्या दोन्हींचा आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गाण्याशी कितपत मेळ बसतो?

लावणी म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे घुंगरू, नऊवारी आणि शृंगार उभा राहतो. बैलहोंगलच्या बाजूला कन्नड गायकाला लावणी म्हणायला सांगा, तो कदाचित संगोळ्ळी रायण्णाची कथा सुरू करील. इंग्रजांनी 1831 साली खानापूर तालुक्यातील नंदगड येथे फाशी दिलेल्या या वीरावरची ती लावणी आपल्या हिशेबाने पोवाडा ठरते. वाद्ये पाहावीत तर दोन्हीकडे डफ आणि तुणतुणे. गीगी पद या कन्नड कथागायनातील साथीदार ‘गीय गीय गा गीय गी’ म्हणून ओळ उचलून धरतात, तेव्हा ते आपल्या झीलकऱ्यांच्या ‘जी जी रं जी’चेच काम करत असतात, मुख्य गायकाला दम खायला आणि पुढची ओळ जुळवायला तेवढीच सवड मिळते. शिव थोर की शक्ती, हा आपल्या कलगी-तुऱ्यातील, म्हणजे शाहिरांच्या दोन पक्षांच्या सवाल-जवाबातील झगडा तिकडे हरदेशी-नागेशी या नावाने चालतो. कोणी कोणाचे उचलले याचा निवाडा करायला दोन्ही भाषांतील अभिमानी मंडळी कायम तयार असतात. मला त्यात रस नाही, कारण एकाच जत्रेत गाणारे लोक कानावर पडलेले परत करत बसत नाहीत.

ती जत्रा म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माची. पौर्णिमेला कोल्हापूर-सांगलीकडचे भाविक डोंगरावर येतात आणि ‘उदं गं आई उदं’चा गजर कोणत्या भाषेतला, हे तेथे कोणी विचारत नाही. यल्लम्माची गाणी गाणाऱ्या जोगत्याच्या काखेत चौंडके असते. एका तोंडाला कातडे मढवलेले ते नळकांडे, त्यातून बाहेर आलेली तार आणि तारेचे दुसरे टोक मुठीत. मूठ ताणली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो, त्यामुळे गाणाऱ्याच्या गळ्याबरोबर वाद्यही बोलल्यासारखे वाटते. समोर कोण बसले आहे ते पाहून कडवे मराठीत किंवा कन्नडमध्ये येते. चाल तीच राहते, पण ती कोठे ओढायची आणि कोठे तोडायची हे त्या गायकाचे स्वतःचे असते. या गाण्यातले नवेपण मला तेथे दिसते.

मराठी रंगभूमीने तर ही देवघेव उघडपणे मांडली होती. उत्तर कन्नड जिल्ह्यातील कर्की गावच्या भागवत नाटकमंडळींचे खेळ सांगलीत झाल्यानंतर 1843 साली विष्णुदास भाव्यांचे नाटक उभे राहिले. संगीत नाटकाचा पाया 1880 साली घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. साकी, दिंडी, लावणी, कर्नाटकातील पदे असे जे कानात होते ते त्यांनी नाटकात आणले. त्या काळच्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून जुन्या गाण्याची आरंभीची ओळ छापलेली असे. त्याने नाटककाराचा मोठेपणा तसूभरही कमी झाला नाही. जिल्ह्यातील सुळेभावी येथे 1924 साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांनीही पुढे हेच केले. माळव्यातील लोकधुनींमधून जे राग त्यांना सापडले, त्यांना त्यांनी ‘धुनउगम राग’ म्हटले, म्हणजे रागाच्या नावातच त्याचे मूळ सांगून टाकले.

आज आपण काय करतो? जोगत्याचे गाणे ध्वनिमुद्रित होते, त्याखाली ‘पारंपरिक’ असे लिहिले जाते आणि संगीतकार म्हणून वाद्यमेळ बसवणाऱ्याचे नाव येते. ‘पारंपरिक’ हा शब्द फार सोयीचा आहे, कारण त्याला मानधन द्यावे लागत नाही. भारतीय कायद्यात रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो; पण तो मोजायला मुळात रचनाकाराचे नाव लागते आणि ज्याच्याकडून गाणे आले त्याचे नाव कोणी टिपलेलेच नसते. (डीजेच्या तालावर चढवलेल्या जोगव्याला मंडळी नाके मुरडतात. माझा आक्षेप त्या तालाला नाही, नाव गाळण्याला आहे.)

म्हणून माझी विनंती साधी आहे. मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘लोकगीत’ किंवा ‘सुगम’ एवढेच न छापता चाल कोठली आणि गाणे कोणाकडून शिकले, या दोन ओळी द्याव्यात. आपल्यापैकी जे सुट्टीत गावी जाऊन आजीच्या ओव्या किंवा जत्रेतील गाणी फोनवर टिपतात, त्यांनी गाणाऱ्याचे नाव, गाव आणि गाताना वापरलेली भाषा त्याच वेळी लिहून घ्यावी. ते ध्वनिमुद्रण संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी गाणाऱ्याला विचारावे आणि नको म्हटल्यास ते घरीच ठेवावे.