मृत्युपत्र रद्द करायचं, तर लिहून

(दृश्य: पितळी परात, तिच्यात जळणारे तीन कागद. सुरुवातीला फक्त आगीचा आवाज.)

कागद पेटायला वेळ लागत नाही. तीन पानं, शेवटच्या पानावर सही, सहीखाली दोन साक्षीदार. एवढं जळलं की मृत्युपत्र संपलं, असं बहुतेक घरांत धरून चालतात. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 70 मध्ये हा मार्ग दिलेलाही आहे: जाळणं, फाडणं किंवा अन्य प्रकारे नष्ट करणं. पण त्याला दोन अटी आहेत, आणि माणूस गेल्यावर अडतं ते नेमकं त्या अटी सिद्ध करताना.

पहिली अट, कागद कोणी नष्ट केला. मृत्युपत्र करणाऱ्याने स्वतः, किंवा त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या कोणी, पण त्याच्या डोळ्यांसमोर. "कपाटाच्या खालच्या खणात आहे, फाडून टाक" असं फोनवर सांगितलं आणि मुलाने फाडलं, तर ते रद्द झालं नाही. मुखत्यारपत्र हातात असलं तरी मुखत्याराला हा अधिकार मिळत नाही.

दुसरी अट, हेतू. रद्दी समजून फाडलं, दुसऱ्या कागदांबरोबर चुकून जळलं, तर मृत्युपत्र कायद्याच्या दृष्टीने शाबूत राहतं. शिवाय फाडताना माणूस शुद्धीत, भल्याबुऱ्याची समज असलेला हवा. मृत्युपत्र करायला जी मानसिक क्षमता लागते, तीच रद्द करायलाही लागते.

(दृश्य: पेनाची तिरपी रेघ, पानाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.)

आता ही रेघ पाहा. खाली अक्षर स्वच्छ वाचता येतंय. इंग्लंडमध्ये 1877 साली निकाल लागलेल्या एका प्रकरणात एका गृहस्थाने आपल्या मृत्युपत्रावर अशाच रेघा ओढल्या, मागे "हे रद्द" असं लिहिलं आणि कागद टाकाऊ कागदांत फेकला. घरच्या मोलकरणीने तो उचलून जपून ठेवला. न्यायालय म्हणालं, हेतू होता, पण नाश झाला नाही, मृत्युपत्र कायम. आपल्याकडे कलम 71 हेच सांगतं. सही झाल्यानंतर केलेली खाडाखोड, दोन ओळींमध्ये घुसवलेले शब्द, बदललेले आकडे यांना किंमत नाही. त्या बदलाजवळ, समासात किंवा बदलाचा उल्लेख करणाऱ्या टिपणाखाली पुन्हा स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असतील तरच तो बदल चालतो. शब्द वाचताच येणार नाही इतका गिरवला, तर तेवढाच भाग जातो.

झेरॉक्स जाळून तर काहीच साधत नाही. मूळ प्रतीच दोन केल्या असतील, तर दोन्ही नष्ट करणंच सुरक्षित.

(दृश्य: टेबलावर कोरा कागद. चष्मा लावलेल्या आजी, समोर दोन माणसं.)

म्हणून लिहून रद्द करा. कायद्यात याच्या दोन वाटा आहेत. एक, नवं मृत्युपत्र करायचं आणि त्यातच जुनं रद्द केल्याचं म्हणायचं. दुसरी, फक्त रद्द करण्याचा लेख, म्हणजे रद्दपत्र करायचं. दोन्हींची सही-साक्षीची पद्धत मृत्युपत्राचीच, कलम 63 ची. करणाऱ्याची सही किंवा अंगठा. किमान दोन साक्षीदार. प्रत्येकाने सही होताना पाहिलेली असावी, किंवा "ही सही माझीच" असं करणाऱ्याने त्याला स्वतः सांगितलेलं असावं; आणि साक्षीदाराने करणाऱ्याच्या समोर सही करावी. दोघं साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत, असं कायदा म्हणत नाही. तरी दोघांना एकत्रच बसवा. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान निवडा, कारण दस्तऐवज शाबीत करताना हयात असलेल्यांपैकी किमान एकाची साक्ष लागते. डॉक्टरांचा दाखला सक्तीचा नाही. वय फार असेल किंवा आजारपण असेल, तर त्याच तारखेचा घ्या.

रद्द करणारं वाक्य मोघम नको. ते असं असू द्या: "मी दिनांक अमुक रोजी केलेलं, अमुक दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त क्रमांक अमुकने नोंदवलेलं मृत्युपत्र, तसंच यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रं व पुरवणी मृत्युपत्रं मी या लेखाने रद्द करीत आहे."

हे वाक्य नव्या मृत्युपत्रात राहून गेलं तर काय होतं? जुनं आपोआप सगळं जात नाही. जिथे दोन्ही एकमेकांना छेदतात, तेवढंच जातं. पहिल्यात घर मुलीला आणि दागिने बहिणीला. दुसऱ्यात फक्त घराचा उल्लेख, ते मुलाला. घर मुलाचं, दागिने मात्र पहिल्याप्रमाणे बहिणीचेच. दोन्ही मृत्युपत्रं शेजारी ठेवून वाचली जातात.

"हे माझं अखेरचं आणि न बदलणारं मृत्युपत्र आहे" असं आधी लिहून बसलात, तरी हात बांधले जात नाहीत. सक्षम असेपर्यंत केव्हाही बदलता येतं, हे कलम 62. पती-पत्नींनी परस्परांशी ठरवून केलेल्या मृत्युपत्राचं तेवढं वेगळं: एक जण गेला आणि दुसऱ्याने त्या मृत्युपत्राचा लाभ घेतला, की मागे फिरणं अवघड होतं.

(दृश्य: निबंधक कार्यालयातलं दालन. फडताळात ओळीने लावलेल्या जाड नोंदवह्या. अंगठ्याचा ठसा उमटतो.)

मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदवलेलं मृत्युपत्र न नोंदवलेल्या रद्दपत्रानेही रद्द होतं. नोंदणीमुळे त्याला जास्त वजन येत नाही. पण ही वही पाहा. नोंदणी अधिनियम, 1908 प्रमाणे मृत्युपत्रं उतरवली जातात ती पुस्तक क्रमांक 3 मध्ये. करणारा जिवंत असेपर्यंत तिथली नक्कल त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीलाच मिळते. तो गेला, की अर्ज करील त्या कोणालाही मिळते. म्हणजे घरात मूळ कागदाची राख झाली, तरी वहीतली नक्कल पुढे येऊ शकते, आणि तेव्हा राखेचा साक्षीदार कोण? म्हणून नोंदवलेल्या मृत्युपत्राचं रद्दपत्रही नोंदवाच, शक्यतो त्याच कार्यालयात. रद्दपत्राच्या मुद्रांकाचं मात्र आधी विचारून घ्या. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, म्हणून यालाही नसेल असं गृहीत धरू नका.

(दृश्य: लाखेची मोहोर लावलेलं पाकीट.)

हे जिल्हा निबंधकांकडे मोहोरबंद ठेवलेलं पाकीट. अर्ज करून ते परत घेता येतं. परत घेतलं म्हणजे आतलं मृत्युपत्र रद्द झालं, असं नाही. पाकीट घरी आणून नुसतं कपाटात ठेवलं, तर ते जसंच्या तसं लागू राहतं.

मूळ कागद घरातच होता आणि मृत्यूनंतर सापडला नाही, तर करणाऱ्यानेच तो नष्ट केला असावा, असं अनुमान न्यायालय काढू शकतं. भारतीय न्यायालयं ते फार जपून काढतात, कारण आपल्या घरांत कपाटाची किल्ली एकाच्याच हाती नसते.

लग्नाचं थोडक्यात. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीचं आधीचं मृत्युपत्र तिच्या लग्नाने रद्द होतं. हिंदू, बौद्ध, शीख, जैन व्यक्तीचं होत नाही. घटस्फोटाने आपोआप रद्द होण्याचं कलम 1925 च्या उत्तराधिकार अधिनियमात नाही. घटस्फोटित जोडीदाराचं नाव काढायचं असेल तर लिहूनच काढावं लागतं. मुस्लिम व्यक्तीच्या मृत्युपत्राला व्यक्तिगत कायदा लागू होतो.

नुसतं रद्द केलं आणि नवं केलं नाही, तर मिळकत वारसा कायद्याने वाटली जाते. हिंदूंसाठी 1956 चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम. वारसांमधले दावे इथूनच सुरू होतात.

(दृश्य: टेबलावर दोन पाकिटं. हात दुसरं उचलून फाडतो. पहिलं तिथेच.)

दुसऱ्या मृत्युपत्राने पहिलं रद्द केलं होतं. आता दुसरं फाडलं. पहिलं परत जिवंत झालं का? नाही, 1925 च्याच अधिनियमाचं कलम 73. ते हवं असेल तर त्याच कागदावर पुन्हा सही आणि पुन्हा दोन साक्षीदार, किंवा ते पुन्हा लागू करण्याचा हेतू सांगणारं पुरवणी मृत्युपत्र, तेही तशाच सह्यांनी. आजींनी टेबलावरचं पहिलं पाकीट उघडलंय. दोन्ही साक्षीदार अजून समोर बसलेले आहेत.