निदानानंतर घराला काय हवे असते

श्रोतेहो, नमस्कार.

जन्मतः कमी ऐकू येणाऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांचे आईवडील स्वतः व्यवस्थित ऐकू शकणारे असतात. त्यामुळे बेरा चाचणीचा, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात हे मोजणाऱ्या चाचणीचा अहवाल हाती पडतो, तेव्हा बहुतेकांची बहिरेपणाशी ती पहिलीच गाठ असते आणि धक्का पचण्याआधीच श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचे श्रवण-उपकरण), वाचा-उपचार, सांकेतिक भाषा असे एकेक निर्णय त्यांच्यापुढे येऊन ठाकतात.

पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत पक्के निदान आणि सहाव्यापर्यंत उपाययोजना, हे वेळापत्रक तज्ज्ञांनी आखले, कारण भाषा आत्मसात करण्याची मेंदूची क्षमता पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. मात्र त्याचा धाक घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘आधी का आणले नाही?’ असे दरडावल्याने गेलेले महिने परत येत नाहीत. ती आई पुढच्या भेटीला यायचे टाळते, एवढेच.

तज्ज्ञाकडे बाळ आठवड्यातून फार तर एखाद-दुसरा तास असते आणि बाकीचा सारा वेळ घरी. तेव्हा तज्ज्ञाने बाळाला शिकवायचे आणि आईने कोपऱ्यात बसून पाहायचे, ही पद्धत उफराटीच म्हणायची. घरच्यांना आधी रोजच्या अडचणी समजावून सांगितल्या पाहिजेत. तान्ह्या बाळाचा कान झपाट्याने वाढतो, श्रवणयंत्राचा कानात बसणारा, मापाने बनवलेला साचा सैल होतो, यंत्र शिट्टी वाजवू लागते आणि ते बिघडले असे समजून घरचे ते काढून ठेवतात. वास्तविक तिथे बहुधा नवा साचा करून घेण्याचीच गरज असते. बाळ यंत्र ओढून तोंडातही घालते. बटणासारखी बॅटरी गिळली गेल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून बॅटरीचा कप्पा बाळाला उघडता येणार नाही, असेच यंत्र मागून घ्यावे.

यंत्र लावल्यावर रोज सकाळी, ओठ दिसणार नाहीत अशा बेताने, आ, ई, ऊ, म, श आणि स हे सहा ध्वनी एकेक करून उच्चारावेत. कर्णबधिर मुलांच्या वाचा-शिक्षणाचे तज्ज्ञ डॅनियल लिंग यांनी रूढ केलेली ही तपासणी बोलण्यातले खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे आवाज पोहोचतात का, हे दाखवते. तान्हे बाळ लगेच मान वळवेलच असे नाही; दूध पिता पिता ते क्षणभर थबकते किंवा डोळे मोठे करते, आणि हे टिपण्यात आजीची नजर कित्येकदा आईपेक्षा तयार असते.

सांकेतिक भाषा शिकवली तर मूल बोलायचे नाही, ही भीती अनेक घरांत असते, पण ती निराधार आहे. मुलाला लवकर आणि भरपूर भाषा मिळणे महत्त्वाचे; ती कानांनी मिळते की डोळ्यांनी, हे प्रत्येक मुलाची गरज पाहून ठरवता येते. याबाबत पालकांना एखाद्या कर्णबधिर प्रौढ व्यक्तीशी, शक्य झाल्यास दुभाष्याच्या मदतीने, निवांत बोलता आले पाहिजे. शाळा कशी झाली, मित्र कसे जमले, नोकरीत काय अडले, हे प्रश्न पालकांच्या मनात असतातच, आणि त्यांची उत्तरे दवाखान्यातल्या कुठल्याही अहवालात नसतात.