रविवारी चेंडू कोणाच्या हातात?

अमेरिकेतल्या कॉलेज सॉफ्टबॉलचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि महिनाभरात जो तो आपला लाडका संघ थेट ओक्लाहोमा सिटीच्या अंतिम स्पर्धेत नेऊन बसवतो. फेब्रुवारीतल्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. उत्तरेकडच्या मैदानांवर तेव्हा बर्फ असतो, म्हणून मिशिगन, मिनेसोटासारखे संघ फ्लोरिडा, कॅलिफोर्निया, ॲरिझोनाकडे धाव घेतात. एका शनिवार-रविवारात चार-पाच सामने होतात, त्यातले काही अगदीच लिंबूटिंबू संघांशी. पाच डावांनंतर आठ धावांची आघाडी असली की सामना तिथेच संपतो. असे दहा विजय खिशात असलेला संघ कागदावर सिंहासारखा दिसतो.

मार्चमध्ये कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठांच्या एकेका गटातली साखळी, सुरू होते. तुमच्यापैकी जे आंतरविद्यापीठ सॉफ्टबॉल खेळले आहेत, त्यांना इथला फरक सांगतो. आपल्याकडे हरलात की बॅग भरायची. तिथे एकाच प्रतिस्पर्ध्याशी सलग तीन दिवस तीन सामने असतात, बहुधा शुक्रवार ते रविवार. माझा सगळा अंदाज या तीन दिवसांवर उभा आहे. संघ किती जिंकेल हे विचारायच्या आधी मी विचारतो, रविवारी चेंडू कोणाच्या हातात असेल?

पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी खेळाडू, ४३ फुटांवरून चेंडू सोडते. ताशी ११० किलोमीटरच्या आसपास वेग असलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटरसमोरच्या प्लेटवर येतो, त्यातही राइज बॉल वर चढल्यासारखा भासतो. पहिल्यांदा समोर आलेल्या बॅटरचं काही चालत नाही. पण शुक्रवारी तीनदा पाहिलं, शनिवारी पुन्हा पाहिलं, रात्री बसून व्हिडिओ पाहिला, की रविवारी तीच बॅटर राइज बॉल सोडून द्यायला शिकलेली असते. हात दमलेला नसला तरी गुपित उघडं पडलेलं असतं. आणि हातही दमतो. चेंडू खालून टाकतात म्हणून कितीही टाकावा, हा समज आपल्या प्रशिक्षकांमध्येही आहे. दुखऱ्या खांद्यांच्या पिचरना विचारा.

२०२५ची अंतिम लढत आठवा. टेक्सस टेक विद्यापीठाने स्टॅनफर्डची निजारी कॅनडी आणली होती, दहा लाख डॉलरहून मोठा करार करून. कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये हा आकडा कोणी ऐकलेला नव्हता. तिने संघाला पहिल्यांदाच ओक्लाहोमा सिटीला नेलं, उपांत्य फेरीत ओक्लाहोमाला हरवलं. अंतिम फेरी तीन सामन्यांची, प्रतिस्पर्धी टेक्सस विद्यापीठ, म्हणजे टेकहून वेगळा संघ. पहिल्या सामन्यात टेक्ससच्या रीस ॲटवुडला मुद्दाम चार बॉल देऊन बेसवर पाठवायचं ठरलं. चेंडू पुरेसा बाहेर पडला नाही, तिने बॅट घातली, दोन धावा झाल्या आणि टेक्सस २-१ ने जिंकलं. दुसरा सामना टेकने ४-३ असा ओढून काढला. तिसऱ्यालाही चेंडू कॅनडीच्याच हातात. पहिल्याच डावात पाच धावा गेल्या, तिला बाहेर काढावं लागलं, आणि सामना १०-४ असा संपला. टेक्ससचं ते पहिलं विजेतेपद. एकच पिचर किती दूर नेते आणि नेमकी कुठे थांबते, हे दोन्ही त्या तीन सामन्यांत दिसतं.

आता कॉन्फरन्सचा हिशेब. साउथईस्टर्न, म्हणजे एसईसी, ही सध्या सगळ्यात कठीण. तिच्यात सोळा विद्यापीठं, पण व्हँडरबिल्टकडे सॉफ्टबॉलचा संघच नाही, म्हणून संघ पंधरा. प्रत्येकाला २४ सामने, म्हणजे आठ प्रतिस्पर्धी. उरलेल्या सहांची गाठच पडत नाही! कोणते सहा टळले हे ज्याने पाहिलं नाही त्याचा अंदाज मी ऐकतही नाही. तळाचे तीन-चार वाट्याला आलेला मध्यम संघ चौथा येतो आणि त्याचं कौतुक होतं. वरचे सगळे झेललेला चांगला संघ आठवा येतो आणि प्रशिक्षकावर टीका होते. ते आठ कुठे भेटणार, घरी की बाहेर, हेही बघायचं.

ओक्लाहोमाने २०२१ ते २०२४ सलग चार राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. २०२३मध्ये त्यांचा अख्ख्या हंगामात एकच पराभव झाला, बिग १२ कॉन्फरन्समध्ये तर १८-०. २०२४नंतर जवळजवळ सगळी फलंदाजी पदवी घेऊन गेली आणि त्याच वर्षी संघ एसईसीत आला. अनेकांनी त्यांना मोडीत काढलं. प्रशिक्षक पॅटी गॅसो यांनी नव्या मुली जमवल्या आणि पहिल्याच वर्षी, २०२५मध्ये, कॉन्फरन्सची साखळी जिंकली, पण १७-७ अशी. अशा कॉन्फरन्समध्ये सात पराभव घेऊनही पहिला नंबर मिळतो. म्हणून एखादा संघ दोन मालिका हरला की लगेच त्याच्या नावाने गळा काढू नये. राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड करताना वापरतात त्या आरपीआय या क्रमवारीच्या आकड्यामध्येही अर्धं वजन प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीला असतं. त्या वर्षी पंधरापैकी चौदा संघ ६४च्या राष्ट्रीय स्पर्धेत गेले, ते उगाच नाही.

अर्थात साखळीवरून मे महिन्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेचं भविष्य सांगणाऱ्यांनीही जपून बोलावं. त्याच वर्षी पहिलं मानांकन टेक्सस ए अँड एमला होतं, आणि व्हर्जिनियाच्या लिबर्टीने त्यांना पहिल्याच टप्प्यात, त्यांच्याच मैदानावर बाहेर काढलं. पहिल्या मानांकिताच्या बाबतीत असं आधी कधी घडलं नव्हतं. पुढे विजेता ठरलेल्या टेक्ससचं मानांकन सहावं होतं.

खेळाडूंची यादी मी शेवटून वाचतो. दुसरी पिचर कोण, तिसरी कोण, त्या पहिलीपेक्षा वेगळं काही टाकतात का? एक राइज बॉलवाली आणि दुसरी खाली पडणाऱ्या ड्रॉप बॉलवाली असेल, एक उजवी आणि दुसरी डावखुरी असेल, तर समोरच्याला रविवारी नव्याने अभ्यास करावा लागतो. दोघी सारख्याच असतील तर दुसरी म्हणजे पहिलीचीच फिकी नक्कल, बॅटरना सरावाला बरी. फलंदाजीची सरासरी मला एवढी महत्त्वाची वाटत नाही. प्लेटमागे चेंडू झेलणारी कॅचर मात्र वाटते. तिचा हात चांगला नसेल तर चोरलेल्या बेसचा, म्हणजे चेंडू टाकताना धावून पुढचा बेस गाठणाऱ्यांचा, भुर्दंड पिचरला भरावा लागतो.

२०२५ची अंतिम फेरी हरल्यानंतरच्या उन्हाळ्यात टेक्सस टेकने कॅनडीला राखलं, आणि यूसीएलएची केटलिन टेरी आणली. टेरी पिचर आहे, डावखुरी.