रंग सर्वांत शेवटी

विषारी सापाचं डोकं त्रिकोणी असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा पाहू. बरेच आहेत. आता घ्या खाली. शेजाऱ्याकडे बघून ज्यांनी अर्धाच वर केला, त्यांनीही घ्या. पत्रिकेत विषय छापलाय ‘आफ्रिकेच्या झुडुपी रानातले साप आणि विंचू’. विंचवांना शेवटी वेळ देऊ, असं मी दर वेळी म्हणतो आणि विंचू दर वेळी उपाशी राहतात. आज बघू.

तुमच्यातले बरेच जण क्रूगर राष्ट्रीय उद्यानात निघालेत, म्हणून दक्षिण आफ्रिकेपुरतंच बोलतो. आपली घोणस बघून त्रिकोणी डोक्याचा नियम मनात बसतो, ते समजू शकतं. पण तिथल्या ब्लॅक मांबाचं डोकं लांबट, शवपेटीच्या आकाराचं असतं. बूमस्लांगचं आखूड आणि बोथट. दोघांच्याही दंशानं माणूस मरतो आणि दोघांकडेही त्रिकोण नाही. शिवाय ब्लॅक मांबा काळा नसतोच. तो राखाडी, मातकट, कधी शेवाळी असतो. काळं असतं त्याचं तोंड, तेही आतून. ते दिसायला त्यानं ‘आ’ करावा लागतो आणि तो ‘आ’ करतो तेव्हा आपण निरीक्षण करत थांबायचं नसतं.

दुसरा लाडका नियम म्हणजे डोळ्यात मांजरासारखी उभी बाहुली असेल तर विषारी. इथं निसर्गानं आपली मस्त थट्टा केली आहे. ऱ्हॉम्बिक नाइट ॲडर हा घोणसीच्या कुळातला विषारी साप, त्याची बाहुली गोल. त्याचीच नक्कल करणारा अंडीखाऊ साप निर्विष, त्याला धड दातही नाहीत, आणि बाहुली मात्र उभी! दोघांच्या पाठीवर तपकिरी चौकटी. नाइट ॲडरच्या डोक्यावर ठसठशीत काळा बाण असतो, टोक नाकाकडे, आणि अंडीखाऊनं तसलंच काहीतरी मानेवर रंगवून घेतलंय. डिवचलं की तो वेटोळ्यांवर वेटोळी घासून आपल्या फुरशासारखा करकर आवाज काढतो आणि तोंड वासतो. ते तोंडही आतून काळं! म्हणजे ‘काळं तोंड तो मांबा’ हाही नियम निकालात निघाला. फरक खवल्यांत आहे. अंडीखाऊचे खरखरीत आणि निस्तेज, नाइट ॲडरचे मऊ, मखमली. पण हा फरक बघायला जितकं जवळ जावं लागतं, तितकं जवळ जायचं नाही.

माझा आग्रह एवढाच आहे की क्रम उलटा करा. आधी जागा, मग वागणं, मग अंगकाठी, आणि रंग सर्वांत शेवटी. हिरवा साप घ्या. क्रूगरच्या कॅम्पमध्ये झाडावर हिरवं काही सळसळलं की ‘ग्रीन मांबा, ग्रीन मांबा’ असा गलका होतो. ग्रीन मांबा दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताळच्या किनारपट्टीतल्या जंगलात राहतो. क्रूगरमध्ये तो जागेच्या प्रश्नावरच बाद. मग बहुतेक वेळा उरतात दोन. सडपातळ, अंगाच्या पुढच्या भागावर काळे ठिपके, भिंतीवरही सरसर चढतो तो ठिपकेवाला बुश स्नेक, निरुपद्रवी. दुसरा बूमस्लांग, म्हणजे आफ्रिकान्समध्ये ‘झाडसाप’. आखूड डोकं, त्यात न शोभणारा मोठा डोळा, खरखरीत खवले, चिडला की गळा फुगवतो. नर बहुधा हिरवा, मादी बहुधा तपकिरी, पिल्लू राखाडी. रंगावर जाणाऱ्यानं एकाच जातीचे तीन साप मोजले असते.

आता कार्ल श्मिट यांची गोष्ट सांगतो. संयोजकांनी घड्याळाकडे बघू नये. 25 सप्टेंबर 1957, शिकागो. लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयानं सापाचं 76 सेंटिमीटरचं एक पिल्लू ओळख पटवायला तिथल्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात श्मिट यांच्याकडे पाठवलं. श्मिट तेव्हा 67 वर्षांचे, जगातल्या मोठ्या सर्पतज्ज्ञांपैकी एक. दिसायला बूमस्लांग. पण बूमस्लांगच्या शेपटीच्या मुळाशी, गुदद्वारावरचा खवला दुभंगलेला असतो, याचा अखंड होता. त्या एका खवल्यावर चर्चा अडली, आणि हाताळताना त्यानं डाव्या अंगठ्याला दंश केला. पिल्लू, त्यात एकच सुळा लागलेला. श्मिट आगगाडीनं घरी गेले आणि लक्षणं टिपत बसले: मळमळ, हुडहुडी, ताप, हिरड्यांतून रक्त. सकाळी बरं वाटलं, अंडी-कॉफी असा व्यवस्थित नाश्ता केला. दुपारी तीनच्या सुमारास गेले. या विषानं रक्त गोठवणारे घटक संपतात, आणि मधल्या काही तासांत माणूस ठणठणीत वाटू शकतो. म्हणून बूमस्लांगचा दंश झाला की बरं वाटत असलं तरी दवाखान्यात भरती व्हायचंच. त्याचं प्रतिविष वेगळं असतं, अनेक सापांवर चालणारं नेहमीचं प्रतिविष त्यावर चालत नाही.

चिठ्ठी आली. पंधरा मिनिटं म्हणतायत.

पफ ॲडर: जाड, आखूड, पाठीवर शेपटीकडे टोक केलेले बाण. पळत नाही, पालापाचोळ्यात पडून राहतो, म्हणून पाय पडतो. संध्याकाळी टॉर्चशिवाय चालू नका. मोझांबिक थुंकणारा नाग: पोट गुलाबीसर, गळ्यावर काळे पट्टे, दोन-तीन मीटरवरून डोळ्यात विष मारतो. डोळे वीस मिनिटं साध्या पाण्यानं धुवा आणि दवाखाना गाठा. स्टिलेटो साप: काळपट, करंगळीएवढा जाड, मान म्हणून काही दिसत नाही. याला डोक्यामागे धरूच नका. तोंड मिटूनही सुळा बाजूनं बाहेर काढून टोचतो आणि बोट सडतं. दंश झाल्यावर साप मारून नेऊ नका. पाच मीटरवरून फोटो मिळाला तर ठीक. सूज, अशक्तपणा की रक्तस्राव, यावरून डॉक्टर उपचार ठरवतात.

आता विंचू. इतका वेळ एका खुणेचे नियम झोडपले आणि इथं मात्र तसा नियम चालतो. चिमटे जाड नि शेपूट बारीक असेल तर वेदना थोडी. चिमटे बारीक नि शेपूट जाड असेल तर धोका. खडकातला हॅडोजिनिस वीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो, चिमटे खेकड्यासारखे, नांगी नावालाच. पॅराब्युथस मात्र जाड शेपटीचा. ट्रान्सव्हालिकस ही त्याची काळी जात विष फवारतेसुद्धा. कोकणातल्यांना हे नवीन नाही. काळ्या इंगळीचा बोभाटा मोठा, पण जीव घेतो तो नाजूक चिमट्यांचा लाल विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी ज्याच्यावर प्राझोसिन वापरलं, तोच. कुळ एकच, पण हे औषध तिकडे चालवू नका. पॅराब्युथसचं विष मज्जातंतूंवर जातं. लाळ गळणं, गिळता न येणं, स्नायू फुरफुरणं दिसलं की प्रतिविष लागतं, मुलांना तर लगेच.

रात्री अतिनील टॉर्च मारली की विंचू हिरवट चमकतो. फक्त नुकतीच कात टाकलेला चमकत नाही, तेव्हा टॉर्चमध्ये काही दिसलं नाही तरी सकाळी बूट उलटा करून आपटायचा, आणि आपटताना आत बोट घालायचं नाही. प्रश्न दोनच घेता येतील.