रात्रभर चालणाऱ्या संगणकाची घरघर

नमस्कार, श्रोतेहो.

रात्री मोठा डाउनलोड लावून आपण अंथरुणाला पाठ टेकतो. दिवा मालवला, घर निजलं, की दिवसभर जाणवलीही नव्हती ती घरघर खोलीभर पसरते. मधूनच कुरकुरही ऐकू येते. अशा खोलीत मी अनेक रात्री काढल्या आहेत. माझं ठाम मत झालं आहे की खिशात हात घालण्याआधी हा आवाज नीट ऐकावा.

कारण ही घरघर बहुधा हार्ड डिस्कची, म्हणजे संगणकातल्या माहिती साठवणाऱ्या भागाची असते, आणि तिचे आवाज दोन. एक सलग घुमणारा. आतल्या तबकड्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. काही डिस्क संथ असतात, त्यांचे फेरे ५४००. दुसरा आवाज तुटक, कुरकुरणारा. तबकडीवर माहिती शोधत झपाझप इकडून तिकडे होणाऱ्या दांडीचा तो आवाज.

आधी घुमण्याचं बघू. तंबोऱ्याची नुसती तार छेडली तर कितीशी वाजेल? भोपळा आहे म्हणून ती खोली भरून टाकते. इथे कॅबिनेटचा पत्रा भोपळ्याचं काम करतो. डिस्क त्याला स्क्रूने घट्ट आवळलेली असते; तिची थरथर पत्र्यात उतरते, पत्र्यातून टेबलात. खात्री करायची तर कॅबिनेटवर तळहात दाबून धरा. आवाज बदलला, तर घुमतोय तो पत्रा.

मग संगणक बंद करून कॅबिनेट टेबलावरून खाली घ्या आणि पायांखाली रबराचे जाड तुकडे ठेवा. एवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो. तो पुरला नाही, तर वायर काढून कॅबिनेट उघडा आणि डिस्क व पत्रा यांच्यामध्ये मऊ रबरी वॉशर घाला. स्क्रू मात्र पिळून आवळू नका, दबून टणक झालेलं रबर थरथर पलीकडे पोचवतंच. आणि कृपा करून डिस्क फोममध्ये गुंडाळू नका. ती तापते, आणि उष्णता बाहेर पडायला वाट हवी असते.

कुरकुर वाढते ती बहुधा अँटिव्हायरसच्या तपासणीमुळे. संगणक मोकळा दिसला की अशी कामं सुरू होतात. त्यांची वेळ दिवसाची करून टाका.

काही मिनिटं काम नसेल तर डिस्क थांबवायची, अशी सोय पॉवरच्या सेटिंगमध्ये असते. पण विंडोज त्याच डिस्कवर असेल तर काही ना काही लिहिणं चालूच राहतं. डिस्क थांबते, पुन्हा गरगरत उठते, आणि सलग घरघरीपेक्षा त्या उठण्यानं झोप जास्त मोडते. म्हणून विंडोज आणि रात्रीचा डाउनलोड एसएसडीवर, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कवर ठेवावा, असं मी आग्रहानं सांगेन. एसएसडीत फिरणारा भागच नाही, त्यामुळे ती घरघरत नाही. मोठी हार्ड डिस्क फक्त साठवणीला ठेवली, की तीही खुशाल झोपते.

एक आवाज मात्र दाबायला जाऊ नका. कालपर्यंत नव्हती अशी ठरावीक लयीतली टक-टक सुरू झाली, तर डिस्क निकामी होत असण्याची शक्यता मोठी. त्या रात्री डाउनलोड थांबवा, महत्त्वाच्या फायली लगेच दुसरीकडे उतरवून घ्या, आणि मगच झोपा.

नमस्कार.