शून्याच्या आसपास

(दृश्य: कॅनडात टोरांटोला लागून असलेल्या मिसिसागा शहरातली एक गल्ली. जानेवारीतली सकाळ. छपरांवर पांढरा बर्फ, साइडवॉक मात्र स्वच्छ दिसतोय.)

काल दुपारी इथे छान ऊन पडलं होतं. पारा शून्याच्या वर गेला, छपरावरचा बर्फ वितळला, पन्हळीतून पाइपात उतरला आणि ड्राइव्हवेच्या उतारावरून, साइडवॉक ओलांडून रस्त्याकडे वाहत गेला. रात्री पारा परत खाली आला. आता त्या ओघळाच्या जागी पाणी नाही. हातभर रुंदीचा, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीचा बर्फाचा पट्टा आहे. खालचं काँक्रीट त्यातून आरपार दिसतं, म्हणून तो स्वतः दिसत नाही. यालाच इथे ब्लॅक आइस म्हणतात.

पुण्या-मुंबईहून आई-बाबा पहिल्यांदा हिवाळ्यात कॅनडाला येतात, तेव्हा सगळ्यांना धास्ती असते ती उणे वीसची. स्वेटर, थर्मल, कानटोप्या यांनी बॅगा भरतात. त्या थंडीची काळजी घ्यायलाच हवी. पण उणे वीसमधला कोरडा बर्फ पायाखाली करकरतो आणि बुटाला बऱ्यापैकी धरतोही. खरा घात होतो तो सौम्य दिवसांत. शून्याच्या दोन अंश वर, दोन अंश खाली. टोरांटोचा हिवाळा ही सीमारेषा पुन्हा पुन्हा ओलांडतो: दिवसा वितळ, रात्री गोठण. कॅनडाच्या मध्यभागातल्या विनिपेग शहरात जानेवारीत आठवडेच्या आठवडे खोल थंडी असते. इथे ऑंटारियो सरोवराकाठी तसं नसतं. म्हणून या गल्ल्यांमध्ये थर्मामीटर शून्याजवळ दिसला की पावलं जपून टाकायची.

(दृश्य: बर्फाचा पृष्ठभाग, अगदी जवळून.)

बर्फ निसरडा का असतो, हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीडशेहून जास्त वर्षं छळतो आहे. गोठणबिंदूच्या खालीही बर्फाच्या अंगावर पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो, ही कल्पना मायकेल फॅरडेनं एकोणिसाव्या शतकात मांडली. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरच्या बाजूने धरून ठेवणारं कुणी नसतं, ते सैल असतात. तापमान शून्याकडे सरकतं तशी ही सैल हालचाल वाढते, आणि शून्यापाशी तर खरोखरचं पाणीच बर्फावर उभं असतं. सपाट जमिनीवर नेहमीच्या चालीला घर्षणांक, म्हणजे पायाची जमिनीवरची पकड सांगणारा आकडा, साधारण ०.२ लागतो. ओल्या बर्फावर तो ०.१ च्याही खाली जातो. म्हणजे रोजच्या सवयीनं टाच टेकवलीत की पाऊल पुढे निसटणार आणि शरीर मागे कोसळणार.

त्यात फ्रीझिंग रेन आला तर बोलायलाच नको. वर उबदार हवेत पाऊस तयार होतो, जमिनीलगत मात्र हवा शून्याखाली असते. थेंब वाटेत गोठत नाही; खाली टेकला की गोठतो. फांदीवर, तारेवर, पायरीवर, कठड्यावर. जानेवारी १९९८ मध्ये पूर्व ऑंटारियो आणि क्वेबेकमध्ये असा पाऊस दिवसेंदिवस पडला, काही भागांत १०० मिलिमीटरच्या घरात. विजेचे पोलादी मनोरे वजनानं वाकून पडले. डिसेंबर २०१३ मध्ये टोरांटोतच ऐन नाताळात लाखो लोक अंधारात होते. अशा दिवशी बाहेर न पडणं हाच उपाय. दूध उद्या आणता येतं.

(दृश्य: टोरांटो, हॉस्पिटलच्या तळघरातली प्रयोगशाळा. बर्फाची फरशी असलेली खोली हळूहळू कलते आहे.)

डाउनटाउनमधल्या टोरांटो रिहॅब या संस्थेत, जमिनीखाली, विंटरलॅब नावाची खोली आहे. फरशी बर्फाची. छताला अडकवलेला पट्टा अंगाला बांधून माणूस त्या बर्फावर चढतो, उतरतो. फरशीचा कल वाढवत नेतात आणि पाय कोणत्या कोनाला सटकतो ते नोंदवतात. त्यावरून बुटाला गुण देतात, हिमकणाच्या चिन्हात: ७ अंशांपर्यंत टिकला तर एक हिमकण, ११ ला दोन, १५ ला तीन. हा ७ चा आकडाही विचार करून घेतलाय: चौकात साइडवॉक रस्त्याला मिळतो तिथल्या उताराच्या नियमावरून तो ठरला आहे. म्हणजे निदान रस्ता ओलांडताना तरी पडू नये.

२०१६ मध्ये निकाल जाहीर झाले, तेव्हा तपासलेल्या शंभराच्या आसपास बुटांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त बूट एका हिमकणालाही पात्र ठरले नाहीत. हे सगळे हिवाळी बूट म्हणूनच विकले जाणारे होते. किंमत, जाडी, आतली लोकर यांचा पकडीशी फारसा संबंध नाही. जे टिकतात त्यांच्या तळव्याच्या रबरात बारीक कठीण कण किंवा तंतू मिसळलेले असतात, हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. दुकानात बूट उलटा करून बघा. आणि सह्याद्रीत चालणारे ट्रेकिंगचे शूज इथे आणून भागवू नका. कडक रबर थंडीत आणखी कडक होतं, आणि गुळगुळीत बर्फात त्याच्या खाचांना रुतायला जागाच नसते.

(दृश्य: साठीतल्या एक बाई साइडवॉकवरून चालताहेत. कॅमेरा त्यांच्या पावलांवर.)

यांची चाल पाहा. पाऊल लहान, टाच आधी न टेकवता पूर्ण तळवा एकदम खाली. गुडघे किंचित वाकलेले, शरीराचा भार पुढच्या पायाच्या बरोबर वर. हात खिशात नाहीत, ग्लव्हज घालून बाहेर आहेत. कोकणात भर पावसात शेवाळलेली पाखाडी उतरणारी आजी अशीच उतरते. फरक एवढाच की तिथे अनवाणी पायाची बोटं चिऱ्याला धरतात. इथे जाड बुटात ती बोटं काही कामाची नाहीत, सगळी भिस्त भार कुठे ठेवता यावर.

सामान पाठीवरच्या सॅकमध्ये, दोन्ही हातांत पिशव्या नकोत. गाडीतून उतरताना तर फारच घाई होते. एक पाय बाहेर टाकून उठू नका. दोन्ही पाय जमिनीवर टेका, दाराची चौकट धरा, मग उभे राहा. रस्ता ओला आहे की गोठलेला, हे जाणाऱ्या गाड्या सांगतात: रस्ता चमकतोय पण चाकांमागे पाणी उडत नाही, म्हणजे तो बर्फ आहे. पुलांवर तो आधी धरतो, कारण पुलाला खालूनही वारा लागतो. आणि ताज्या भुरभुरीत बर्फाखाली कालचा गोठलेला थर असेल तर तो ओळखू येत नाही. तिथे पाय दाबून अंदाज घ्या.

मिठावरही पूर्ण विसंबू नका. घरापुढे टाकतात ते मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली आणतं, पण उणे दहाच्या खाली त्याचा जोर ओसरतो. मग वाळू टाकावी, ती वितळवत नाही पण पकड देते. बुटांवर चढवायचे लोखंडी काटे मिळतात, ते उत्तम. मात्र दुकानाच्या किंवा घराच्या टाइल्सवर पाऊल ठेवण्याआधी ते काढा. बाहेर सावरलेला माणूस आत दाराशी फरशीवर पडतो, तो त्यामुळेच.

तरी पडणं होतंच. पडताना हात पुढे जातो आणि मनगट मोडतं. पाळी गेलेल्या बायकांची हाडं ठिसूळ झालेली असतील तर जास्तच. वयस्कर माणसाचं खुब्याचं हाड मोडलं तर अनेक महिने जातात. सुपर व्हिसावर (इथे राहणाऱ्यांच्या आई-वडिलांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिसावर) आलेल्या आई-वडिलांना ऑंटारियोचा सरकारी आरोग्य विमा लागू नसतो, म्हणून त्यांच्या खासगी पॉलिसीचा नंबर फोनमध्येच नव्हे, त्यांच्या कोटाच्या खिशातही ठेवा.

पडलात तर चटकन उठू नका. लाज वाटते, लोक बघताहेत असं वाटतं, बघू देत. आधी मान, मग मनगटं, मग खुबा हलवून पाहा. खुबा दुखत असेल, पायावर भार घेता येत नसेल तर तसेच राहा, ९११ हा इथला आपत्कालीन नंबर लावा, कुणाला तरी अंगावर कोट टाकायला सांगा. आणि डोकं आपटलं असेल व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी इमर्जन्सीत जा आणि गोळीचं नाव तिथे सर्वांत आधी सांगा.