‘थोडी कळ काढ’ म्हणू नका: सिकलसेलचं मूल घरात असताना

गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. याच भागातलं कुटुंब कामासाठी शहरात गेलं, तर तिथल्या डॉक्टरांना हा आजार चटकन आठवेलच असं नाही. म्हणून दवाखान्यात आत गेल्यावर पहिलं वाक्य हेच असू द्या: ‘मुलाला सिकलसेल आहे, एसएस आहे.’ एसएस म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सिकलसेलचा जनुक आलेला. जुने रिपोर्ट सोबत ठेवा.

रक्तातली निरोगी तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, या मुलांची 10 ते 20 दिवसच. शिवाय ती ताठर होते, विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. त्या अडथळ्यापलीकडच्या हाडाला प्राणवायू पोहोचत नाही आणि तिथं कळा सुरू होतात. बाहेरून पाहिलं तर बरेचदा सूज नाही, लाली नाही, एक्स-रेसुद्धा साफ. इथंच मोठी माणसं चुकतात आणि ‘शाळा चुकवायला नाटक करतोय’ म्हणतात. हे दुखणं मोजायचं यंत्र नाही, मूल सांगतं तेच माप. टीव्ही बघतंय, झोपलंय, म्हणजे दुखत नाही असंही नसतं. नेहमी दुखणाऱ्या मुलाला दुखण्यातही खेळायची सवय होते. ‘थोडी कळ काढ’ हे वाक्य या घरात नकोच. दुखणं सुरू झालं की औषध लगेच द्यायचं. वाढलेलं दुखणं उतरवायला फार जड जातं.

औषध चमच्यावर मोजू नका, वजनावर मोजा. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅम. 16 किलोच्या मुलाला होतात 240. आता बाटली बघा. 5 मिलिलिटरमध्ये 250 असं लिहिलं असेल तर साधारण 5 मिलिलिटर पुरतं. 120 असेल तर 10 लागतं. बाटली बदलते, चमचा तोच राहतो, आणि मुलाला अर्धाच डोस मिळतो किंवा दुप्पट जातो. दोन डोसांत सहा तास, दिवसातून चारपेक्षा जास्त नाही. आयब्युप्रोफेन डॉक्टरांनी चालेल म्हटलं असेल तरच, किलोमागे 10 मिलिग्रॅम, खाल्ल्यानंतर. उलट्या-जुलाब चालू असतील किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नाही. काही बाटल्यांत ही दोन्ही औषधं एकत्र असतात. ती देऊन वर वेगळं पॅरासिटामॉल दिलं, तर डोस दुप्पट होतो.

सोबत पाणी. 16 किलोच्या मुलाला एरवीही दिवसाला 1300 मिलिलिटर लागतं, म्हणजे सहा-सात पेले. दुखत असताना त्याहून जास्त, पण घोट-घोट. दुखऱ्या जागी कोमट शेक द्या. बर्फ कधीच लावू नका, थंडीनं रक्तवाहिन्या आवळतात. पावसात भिजून आल्यावर ओले कपडे आधी बदला.

प्रत्येक डोसाआधी ताप मोजा, कारण पॅरासिटामॉल ताप झाकतं. 101 फॅरनहाइट किंवा जास्त दिसला की घरी वाट बघायची नाही, रात्र असली तरी दवाखाना. या मुलांची पाणथरी (प्लीहा, इंग्रजीत स्प्लीन) लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे रक्तातला जंतुसंसर्ग काही तासांत जीवघेणा ठरू शकतो. पाच वर्षांपर्यंत रोज दोनदा पेनिसिलिन आणि न्यूमोकोकलची लस यासाठीच असते. छातीत दुखून दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, यालाही तीच घाई करायची.

पाणथरीबद्दल जास्त सांगायला हवं. डाव्या बरगडीखाली ती कशी चाचपायची हे बालरोगतज्ज्ञांकडून हाताला हात लावून शिकून घ्या, आणि आठवड्यातून दोनदा तरी बघा. ती अचानक मोठी झाली आणि मूल पांढरंफटक, मलूल पडलं, तर रक्त तिथंच साठतंय. तातडीनं रक्त चढवावं लागतं. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला डंबा देतात, म्हणजे पोटावर डागतात. पाणथरीमुळे पोट फुगलेलं असेल, तर डागण्यात जाणारे तासच त्या बाळाचा जीव घेऊ शकतात.

हायड्रॉक्सियुरिया हे रोज घ्यायचं औषध पुष्कळ घरांत मध्येच बंद पडतं. चालू दुखण्यावर त्याचा उपयोग होत नाही. पुढची दुखणी कमी व्हायला रोज घेऊन काही महिने लागतात. ‘दोन महिने दिलं, फरक नाही’ म्हणून सोडू नका. सुरुवातीला दर महिन्याला रक्ततपासणी लागते, पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर डोस बदलावा लागतो. घरात गरोदर बाई असेल तर हे औषध तिनं हाताळू नये. आणि ‘रक्त कमी’ ऐकून लोहाचं टॉनिक आणू नका. इथं रक्त लोहाअभावी कमी झालेलं नसतं. फॉलिक ॲसिड वेगळं, ते डॉक्टर देतातच.

शाळेत वर्गशिक्षकांना कागदावर लिहून द्या: पाण्याची बाटली बाकावर राहील, थंडीत स्वेटर काढायला लावू नये, धावताना दमला तर थांबू द्यावं. लघवीला जाऊ द्या हे ठळक लिहा. या मुलांची मूत्रपिंडं लघवी दाट करू शकत नाहीत, त्यामुळे ती वारंवार होते. परवानगी मिळत नाही म्हटल्यावर मूल पाणी पिणंच सोडतं, आणि मग दुखणं ओढवतं.